खालचा बर्थ, वरची शुगर

मधुमेह सांभाळणं अवघड आहे असं ज्यांना घरबसल्या वाटतं, त्यांनी एकदा तो बरोबर घेऊन गणपतीत चिपळूणला जाऊन यावं. घरी काय, सगळं हाताशी असतं. सातला फास्टिंग तपासायची, आठला नाश्ता, एकला जेवण, चारला मूठभर फुटाणे. साठीनंतर घरात आपलं कोणी ऐकत नाही, पण मधुमेह झाला की निदान कुकर तरी आपल्या वेळेवर चढतो. पनवेल मागे पडलं की ही सत्ता संपते. आपण कधी जेवायचं ते माणगावची वाहतूक ठरवते, किती जेवायचं ते यजमान ठरवतात, आणि मधल्या वेळात लघवीला कुठे जायचं ते कोणीच ठरवत नाही. डॉक्टरांच्या फायलीत हा साखरेचा आजार असेल. रस्त्यावर तो दुसऱ्याच्या वेळापत्रकाचा आजार आहे.

घरगुती गणपतीची दुपार घ्या. स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पानं मांडलीत हो!’ नवखा मधुमेही ती हाक ऐकतो, आतल्या खोलीत जातो आणि पोटात सुई टोचून येतो. जेवणाआधीचं इन्सुलिन पंधराएक मिनिटांत कामाला लागतं. ‘पानं मांडलीत’ याचा अर्थ मात्र केळीची पानं पुसून ठेवली आहेत, एवढाच. त्याआधी नैवेद्य, आणि नैवेद्याआधी आरती. आरती गणपतीपासून सुरू होते आणि शंकर, देवी, विठोबा, दत्त असं करत दशावतारांवर येते. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या हाती वर्षातून एकदा झांज लागलेली असते, तो ती सहजासहजी खाली ठेवत नाही. मंत्रपुष्पांजलीची चाहूल लागून आपण सुटलो म्हणावं, तेवढ्यात पलीकडच्या वाडीतली मंडळी अंगणात हजर होतात आणि यजमान म्हणतात, ‘आता आलीच आहेत तर त्यांच्याबरोबर दोन होऊन जाऊ देत.’ इन्सुलिनला देवाधर्माचं काही नसतं, ते आपलं काम करत राहतं. हात जोडलेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, बोटं थरथरतात, डोळे जडावतात. मागून एखादी आजी म्हणते, ‘काय तल्लीन झालाय बघा!’

म्हणून मुरलेला मधुमेही एक नियम पाळतो. पानात भात पडल्याशिवाय पेनची टोपी काढायची नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांवर विश्वास ठेवायचा नाही. वाढपी भाताची परात घेऊन वळणावर अडकू शकतो, मध्येच त्याला कोणीतरी ‘तूप कुठाय’ म्हणून परत पाठवू शकतं. भात पडला, तो दिसला, की पंगतीतच सदऱ्याचं खालचं बटण काढायचं आणि काम उरकायचं. शेजारच्या पानावरच्या काकू ‘अगं बाई!’ म्हणून तोंड फिरवतात. फिरवू देत.

मग सुरू होतो आग्रह. मराठी यजमानाला पाहुण्याचा मधुमेह मान्य असतो, फक्त तो आपल्या घरी लागू आहे हे मान्य नसतं. ‘तुम्हाला साखर चालत नाही ना? म्हणूनच मुद्दाम गुळाचे मोदक केलेत.’ मोदक गुळाचेच असतात, गणपती मधुमेही नसला तरी. पण हे सांगायला तोंड मोकळं नसतं, त्यात मोदक असतो. गूळ आणि साखर रक्तात एकाच दारानं शिरतात, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या एकाही वहिनीला आजवर पटलेली नाही. गूळ ‘आपला’ असतो, सेंद्रिय असतो, कोल्हापूरहून आणलेला असतो. त्याच न्यायानं मध चालतो, खजूर चालतो, भात नको म्हटलं की पोहे चालतात, आणि संकष्टी असली तर साबुदाण्याची खिचडी तर औषधच, कारण ‘आज हलकंच आहे हो, उपासाचं.’ एका ठिकाणी तर खास माझ्यासाठी चहा बिनसाखरेचा आला आणि त्याच्याबरोबर त्याची भरपाई म्हणून बशीभर नानकटाई आली.

या सगळ्यांत निरुत्तर करणारा वाक्प्रयोग एकच, ‘एकानं काही होत नाही.’ खरंच होत नाही. पण गणपतीत घरं असतात बारा, आणि प्रत्येक घरातला तो एकच असतो.

आता औषधं. प्रवासाच्या बॅगेतली ही सर्वांत महत्त्वाची पिशवी घरातली बाई भरते आणि कुठे ठेवली ते फक्त तिलाच ठाऊक असतं. खरं तर ती दोन ठिकाणी विभागून ठेवावी, एक बॅग हरवली तरी दुसरी राहते. इन्सुलिनचं प्रकरण त्याहून नाजूक. न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. चालू पेनला मात्र फ्रीज लागत नाही. ऊन टाळलं आणि तपमान पंचवीस-तीसच्या आत राहिलं तर बहुतेक पेनं चारेक आठवडे मजेत राहतात. पण हे कोणाला सांगणार? इन्सुलिन म्हटलं की लोकांना बर्फच आठवतो. आमच्या मामींच्या घरी मी पिशवी दिली आणि म्हटलं, जरा फ्रीजमध्ये ठेवा. मामी मायाळू. साधं गार काय ठेवायचं, चांगलं गार करू, म्हणून त्यांनी ती पिशवी बर्फाच्या कप्प्यात, कोळंबीच्या डब्याखाली सरकवली. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, आणि वाईट म्हणजे दिसायला ते जसंच्या तसं दिसू शकतं. मामींना हे कळल्यावर त्या इतक्या खजील झाल्या, की त्यांचं समाधान करायला मला शेवयांची खीर खावी लागली. औषध गेलं ते गेलं, वर खीर.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना डॉक्टर मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात इन्सुलिन ठेवायला सांगतात आणि ते चांगलं चालतं. आपल्या आजीच्या माठाला एवढं शास्त्र कळत होतं. याउलट मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर, पेन ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत देवदर्शनाला जाणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्यायचं. सामानाच्या कोठारात ते गोठू शकतं आणि बॅग एका देशी, आपण दुसऱ्या देशी झालो तर प्रश्नच मिटला. हातात न्यायचं म्हणजे सुरक्षा तपासणी आली. ‘यह क्या है?’ ‘सुई.’ एवढ्या उत्तरानं कुठल्याही देशातला गणवेश सावध होतो. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. जवानानं ती वाचली, पेन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, इकडेतिकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘मेरे पिताजी को भी है. आम खा सकते हैं क्या?’ मग प्रकरण आंब्यावरून भातावर, भातावरून चपात्यांवर गेलं. माझ्या मागची रांग पट्टे हातात धरून उभी होती. मी त्याला सांगितलं, अर्धी फोड, तीही जेवणाऐवजी, जेवणानंतर नाही. त्याला उत्तर आवडलं नाही. त्यानं चिठ्ठी परत दिली आणि पुढच्या माणसाची बॅग जरा जास्तच कडक तपासली.

विमानात मधुमेह्यांसाठी वेगळं जेवण मिळतं, ते आधी कळवून ठेवावं लागतं. ते सगळ्यांच्या आधी येतं, हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण मला सापडलेला नाही. वाफवलेलं गाजर, वाफवलेली फरसबी आणि वाफवलेलं असं काहीतरी, ज्याचं मूळ नाव वाफेत गेलेलं असतं. आपण ते संपवून रिकामे बसतो, आणि मग शेजाऱ्याचा ट्रे येतो. त्यात पुलाव असतो, आणि कोपऱ्यात, रुपेरी कागदाखाली, गुलाबजाम. पुढे चार तास आपण त्या माणसाशेजारी बसायचं असतं.

घड्याळाचा घोळ निराळाच. पश्चिमेला गेलं की दिवस लांबतो, पूर्वेला गेलं की आखूड होतो. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. साध्या गोळ्यांवर असलेल्यांचं निभावून जातं, पण चोवीस तासांचं इन्सुलिन घेणाऱ्याचा दिवसच जर तेहतीस तासांचा झाला, तर ते कधी घ्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच ठेवावं लागतं. विमानात विचारायला फक्त हवाई सुंदरी असते, आणि ती ‘चहा की कॉफी’ याच्या पलीकडे जात नाही.

परदेशात पोचल्यावर आकडेही परके होतात. आमच्या शेजारच्या काकू लेकीकडे लीड्सला गेल्या होत्या. स्वतःचं यंत्र इथेच विसरल्या, तर जावयानं तिथलं आणून दिलं. बोट टोचलं, आकडा आला ९.२. काकूंनी पुण्याला फोन लावला. ‘इथली हवाच वेगळी हो! नऊवर आली माझी!’ आनंदात त्यांनी केकचे दोन तुकडेही खाल्ले. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना कुठल्याही एक आकडी शिलकीचा संशय येतो. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये, आणि मधला गुणक १८. नऊ पॉइंट दोन गुणिले अठरा, म्हणजे जवळपास १६६. केक धरलेला नाही.

सिरिंजचंही तसंच. आपल्याकडच्या बाटलीत सहसा मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं आणि तिची लाल टोपीची सिरिंज वेगळी; पेनमध्ये आणि युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत १०० युनिटचा हिशेब. बाटली इथली आणि सिरिंज तिथली, असा आंतरराष्ट्रीय विवाह झाला तर डोस अडीचपटीनं चुकतो. इथे विनोद थांबतो. सिरिंज इथूनच मोजून न्याव्यात, वर चार जास्त.

पण मधुमेह्याचं खरं माहेर म्हणजे रेल्वे. तिथे संडास असतो. अलीकडे साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्या आहेत, त्यांतल्या एकीचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. मूत्रपिंडाकरवी दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखरेची ती परस्पर विल्हेवाट लावते. उत्तम गोळी, फक्त ती साखर सोडायला वारंवार जावं लागतं. म्हणून खालचा बर्थ. रात्री मधल्या बर्थवरून उतरणारा माणूस स्वतः जागा होतोच, शिवाय खालच्याच्या पोटावर पाय देऊन त्यालाही मधुमेहाची कल्पना देतो.

रेल्वेच्या डब्यात जेवणाची चिंता थोडी कमी झाली आहे. २०२२ मध्ये रेल्वे बोर्डानं मधुमेह्यांच्या जेवणाचाही यादीत समावेश करायला परवानगी दिली. चिंता उरते ती सहप्रवाशांची. आपण बोटाला सुई टोचली की समोरच्या बाकावर सभा भरते. पहिला प्रश्न, ‘किती आली?’ हा प्रश्न आपण पगाराबद्दलही इतक्या मोकळेपणानं विचारत नाही. आकडा सांगितला की उपाय सुरू. कारल्याचा रस अनशापोटी. जांभळाच्या बियांची पूड. रात्री भिजवलेल्या मेथ्या. विजयसारच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी. कल्याणपासून मनमाडपर्यंत माझा मधुमेह तीनदा मुळासकट गेला. भुसावळला एक गृहस्थ चढले, त्यांनी सांगितलं की मधुमेह असा काही रोगच नसतो, ते सगळं गोळ्यांच्या कंपन्यांनी काढलेलं आहे. असं सांगताना त्यांनी वरच्या खिशातून पट्टी काढून एक गोळी घेतली. ‘ही?’ मी विचारलं. ‘ही बीपीची,’ ते म्हणाले. बीपी खरं असतं.

डब्यात साखर खाली गेली तर मात्र ही सगळी मंडळी उपयोगी पडतात. साखर ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करायचा, आणि तिची एक खूण म्हणजे चिडचिड. यात एक अडचण आहे. आमची ही विचारते, ‘शुगर लो झालीय, की नेहमीसारखेच चिडलात?’ यंत्र काढून सिद्ध करावं लागतं. आकडा ६४ आला की आपली बाजू खरी ठरते, आणि वर्षभर ज्या गोष्टीला हात लावला तर डोळे वटारले जात होते, तीच गोष्ट सारा डबा आपल्या तोंडात कोंबू लागतो. कोणी साताऱ्याचे कंदी पेढे काढतं, कोणी लोणावळ्याची चिक्की. खरं म्हणजे अशा वेळी हे दोन्ही उपयोगाचे नाहीत. खव्यातलं तूप आणि चिक्कीतले दाणे साखरेला वाटेत अडवून धरतात. पंधरा ग्रॅम साधी साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घोळून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. व्होग्लिबोससारखी गोळी चालू असेल तर साखरही चटकन चढत नाही, ग्लुकोजच लागतं. म्हणून ग्लुकोजची पुडी खिशातच बरी. हे मला पाठ आहे. पण समोर कंदी पेढा धरलेला, बायकोची संमती, वैद्यकीय निकड आणि बारा साक्षीदार, असा योग आयुष्यात किती वेळा येतो? मी पुडी आधी घेतो. पेढा नंतर, साक्षीदारांच्या मानासाठी.

देवस्थानांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे हसू जरा जपून येतं. मुरलेल्या मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट होते. चैत्रातल्या जेजुरीला, दुपारी, तापलेल्या दगडी पायऱ्यांवरून सगळे टुणटुण उड्या मारत चढत होते आणि एक गृहस्थ संथपणे, हरिणाची घाई नाही की चटक्याचा ‘हाय’ नाही, असे वर गेले. लोक बाजूला झाले, एकानं तर त्यांच्या पाया पडून घेतलं. खाली आल्यावर त्यांच्या टाचेला फोड दिसले. ते त्यांनी स्वतः पाहिले नव्हते, त्यांच्या सुनेनं पाहिले. बहुतेक देवळांत पायमोजे चालतात. जाड घ्यावेत, आणि रात्री आरशात तळवे बघून झोपावं. खंडोबाला भंडारा लागतो, कातडी नाही.

आणि शेवटी एसटी. एसटीत संडास नसतो, त्यामुळे काही शूर लोक आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. हा सर्वांत वाईट उपाय, कारण पाणी तुटलं की साखर आणखी चढते. त्यापेक्षा कंडक्टरला चढतानाच विश्वासात घ्यावं. ‘मला शुगर आहे’ हे शब्द लाजत उच्चारले तर तो घंटीची दोरी हातात असूनही ऐकत नाही. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हटले तर किमान चार जण पाठिंबा देतात.

पाठिंब्याला माणसांची वाण नाही. आयसीएमआरच्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहविषयक मासिकात आला. त्यात देशात दहा कोटी दहा लाख मधुमेही धरले आहेत, आणि सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. प्रौढांत चारातला एक. म्हणजे गोव्याला सुट्टीवर जाऊन ‘आपण एकटेच पथ्याचे’ असं वाटून घ्यायचं कारण नाही. हा अहवाल फक्त रस्त्यावरच्या चहावाल्यांपर्यंत पोचलेला नाही. त्यांच्याकडे चहा, दूध, आलं आणि साखर एकाच पातेल्यात सकाळपासून उकळत असतात. बिनसाखरेचा मागितला की तो वर न पाहता म्हणतो, ‘वेगळा टाकावा लागेल. किती जण?’

पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या अलीकडे गाडी थांबली. ‘दहा मिनिटं!’ कंडक्टर ओरडला. मी टपरीवर गेलो, प्रश्न आला, ‘किती जण?’ मी म्हटलं, एक. त्यानं पातेल्याकडे बोट केलं. एकासाठी गॅस पेटत नाही. तेवढ्यात मागून एक टोपीवाले आजोबा म्हणाले, ‘दोन कर.’ कॉलेजातल्या पोरासारखा दिसणारा एक शर्टाची बाही वर करून पुढे आला, दंडावर नाण्याएवढा सेन्सर. ‘तीन.’ वडापावच्या गाडीवरून हात पुसत एक बाई आल्या, ‘माझा पण टाका.’ चार झाले. चहावाल्यानं छोटं पातेलं उतरवलं, पण अजून काडी ओढली नव्हती. मग कंडक्टर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘पाच.’

‘तुम्हाला पण?’

‘आठ वर्षं झाली,’ तो म्हणाला. ‘ड्रायव्हरसाहेबांना बारा. सहा टाक रे.’

पातेलं चढलं. आजोबांनी तीन महिन्यांची सरासरी विचारायला सुरुवात केली, साडेसात, आठ पॉइंट एक, पोराची सहा पॉइंट आठ, त्याबद्दल त्याचं जाहीर कौतुक झालं. ड्रायव्हरसाहेब शेतातून आरामात येताना दिसले. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. गाडीतून एक तरुण डोकं बाहेर काढून ओरडला, ‘ओ कंडक्टर, किती वेळ?’

‘चहा होतोय,’ कंडक्टर म्हणाला. ‘बिनसाखरेचा आहे, वेळ लागतो.’